आबांच्या वतीनं दिलेलं उत्तर

आबांच्या कानाला मी फोन लावला, तेव्हा आबा जाऊन बराच वेळ झाला होता. कानाची पाळी गार पडली होती. फोनवर पलीकडे माझी धाकटी बहीण लोणावळ्याहून बोलत होती आणि तिला वाटत होतं की आबा ऐकताहेत. तसं तिला मीच सांगितलं होतं. ही माझी चूक. ती आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना स्वतःची बाजू सावरून घ्यायचा मोह मला होणार आहे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ते चांगलं जमतं.

आमचं गाव कामशेतच्या आत, नाणे मावळात. आबा रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर गावी येऊन भातशेती बघू लागले. मी तळेगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो आणि घोरावाडी स्टेशनजवळच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. बहिणीनं लोणावळ्यात लग्न केलं, स्वतःच्या मर्जीनं. मुलगा मुसलमान, गॅरेज चालवणारा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात, आमच्यापेक्षा सफाईदार. आबांनी आरडाओरडा केला नाही, फक्त तिचं नाव घेणं बंद केलं. जेवताना कुणी तिचा विषय काढला तर ते ताटावरून उठायचे नाहीत. भात कालवत राहायचे आणि कालवलेला भात तसाच ठेवून द्यायचे. आई ते ताट उचलायची आणि परसात गाईपुढे ठेवायची. असं बरीच वर्षं चाललं.

मी बहिणीला चोरून भेटायचो. म्हणजे आबांना माहीत होतं, पण मी चोरून भेटतोय असं दोघंही धरून चालायचो.

आमच्याकडे मेल्याची बातमी लांबच्या माणसाला फोनवर देत नाहीत. 'जरा सीरियस आहे, निघ' असं म्हणतात. माणूस वाटेत खचू नये, गाडी नीट चालवावी म्हणून. हे सगळ्यांना माहीत असतं. आपण स्वतः दहा जणांना असंच बोलावलेलं असतं, तरी आपल्याला फोन आला की आपण 'जरा सीरियस'वर विश्वास ठेवतो आणि पिशवीत फळं भरून निघतो.

आबा गेले ते सकाळी, चहा घेऊन पुन्हा आडवे झाले तेव्हा. मी सुट्टीला बायको आणि मुलीला घेऊन गावीच होतो. डॉक्टर येऊन बघून गेले. ओटीवर माणसं जमायला लागली. काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझ्याजवळ आले.

"तिला फोन लाव," ते म्हणाले. "कायबी झालं तरी पोरगी हाय. पर सांगू नगंस. सीरियस हाय म्हनावं. गाडीवर बसून येनार ती, वाटंत पडली-बिडली तर?"

मी आतल्या खोलीत, आबांच्या उशाशी उभा राहून फोन केला. ठरलेलं वाक्य म्हटलं. बहीण लगेच म्हणाली, "दादा, बोलतात का ते?"

"शुद्ध आहे थोडी."

"मग कानाला लाव ना फोन. स्पीकरवर नको, लोक असतील. त्यांच्या कानाला लाव."

मी काकांकडे बघितलं. काकांनी मान डोलावली. लाव, लाव. मी वाकलो आणि फोन आबांच्या कानाशी धरला. फोन स्वस्तातला होता, आवाज बाहेर गळायचा. तिचा शब्द न्‌ शब्द मला ऐकू येत होता.

"आबा, मी बोलतेय." मग नुसता श्वास. "आबा, मी आले तर चालेल का? उंबऱ्याबाहेर बसेन. तुमचा राग गेला नसला तर तसं सांगा, मी रस्त्यावरूनच बघून जाईन. पण एकदा बोला ना माझ्याशी."

मग काहीच नाही. ती वाट बघत होती.

"दादा? काही म्हणाले का?"

"हं म्हणाले," मी म्हणालो. "मान हलवली त्यांनी."

तिच्या तोंडून कसला तरी आवाज आला आणि फोन बंद झाला. 'सीरियस आहे' म्हणणं रिवाजाचं होतं, काकांच्या सांगण्यावरून होतं. त्याचा दोष मी आजही फारसा मानत नाही. पण ते 'हं' मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं एकट्याचं होतं.

ती नवऱ्याच्या मागे गाडीवर बसून आली, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन. अंगणात बांबू टाकले होते आणि दोघं जण सुतळी ओढून तिरडी बांधत होते. ती फाटकातच थांबली. नंतर कळलं, डब्यात मऊ भात होता. दूध घालून पातळ केलेला, आबांना गिळता यावा म्हणून.

"कधी?" तिनं मला विचारलं.

खरं सांगायची ती दुसरी संधी होती. मी म्हणालो, "तुझा फोन झाला आणि लगेच."

काका जवळच होते. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुज्यासाटीच जीव अडकला व्हता बाय. तुजा आवाज कानावर पडला अन् सुटले." ओटीवरच्या बायका माना हलवू लागल्या. एकीनं पदर डोळ्याला लावला. ती बाई तर सकाळपासून तिथं होती, आबा कधी गेले ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. संध्याकाळपर्यंत काकांचं ते वाक्य गावाची गोष्ट होऊन गेलं. बाप लेकीसाठी थांबला.

बहीण उंबऱ्याबाहेर बसली नाही. कुणी तिला बसू दिलं नाही. माझ्या खोटेपणानं तिला त्या घरात परत आणलं, हे खरंच आहे, आणि इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण त्याचा मला फायदा किती झाला तेही लिहायला हवं. पुढे आईला अर्धांगवायू झाला. आम्ही तिला तळेगावला आणलं. माझ्या शिफ्टा, बायकोची शाळेतली नोकरी. बहीण लोणावळ्याहून लोकलनं यायची, आईला आंघोळ घालायची, पाठीला पावडर लावायची, चादरी धुवायची आणि संध्याकाळी स्वतःच्या घरचा स्वयंपाक करायला परत जायची. आई गेली तोवर हे चाललं. मी कधी 'दमलीस का' म्हटलं तर म्हणायची, "आबा माझ्यासाठी थांबले रे. मी एवढंही नको करू?"

मी उठायचो. चहा टाकायचो.

*

मागच्या हिवाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मुलगी आता पुण्यात नोकरी करते, मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. बायकोनं तिला फोन केला, "पप्पांना जरा बरं नाही, दवाखान्यात आणलंय, ये." पोरगी आली ती चपला दोन पायांत दोन वेगळ्या घालून. मी पलंगावर बसून उपमा खात होतो. ती माझ्याकडे न येता आधी आईला म्हणाली, "आई, खरं सांग."

"अगं काय खरं? हे काय, बसलेत ना."

ती जवळ आली. चादरीखाली हात घालून तिनं माझं पाऊल धरलं आणि तसंच धरून ठेवलं. "पप्पा, तुम्ही लोक 'जरा' म्हणू नका हो मला. आपल्या घरात 'जरा' म्हणजे माणूस गेलेला असतो."

बायको हसली. मीही हसलो, टाके ओढले गेले. मुलगी हसली नाही.

दोन दिवसांनी बहीण सूप घेऊन आली. ती खुर्चीत बसून मोसंबी सोलत होती तेव्हा मी तिच्या मुलाची चौकशी केली. तो एकुलता एक. गॅरेज चालवायचं नाही म्हणून बापाशी भांडला, आईनं बापाची बाजू घेतली, तसा तो नाशिकला निघून गेला. वर्ष होत आलं, फोन नाही.

"तू कर ना," मी म्हणालो.

"मी का करू? त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल." मोसंबीची फोड माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "माणूस आतून बोलतच असतो रे दादा. वेळ आली की तोंडानं बोलतो. आबा नाही का बोलले?"

मी ती फोड तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिलो.

*

घरी आल्यावर वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, गाडी चालवायची नाही. मुलगी आठवडाभर घरून काम करायला थांबली होती. मी दिवसभर टीव्हीवर बातम्या लावून बसतो म्हणून वैतागली.

"बीपी वाढवून घ्याल. त्यापेक्षा हे खेळा," म्हणाली आणि तिचा जुना लॅपटॉप माझ्या मांडीवरच्या उशीवर ठेवला.

"कसला खेळ?"

"जग संपल्यानंतरचा. म्हणजे तुमच्या बातम्यांचाच पुढचा भाग समजा."

खेळात कुठलंसं युद्ध होऊन गेलेलं. नद्यांचं पाणी विषारी. शहरं पडलेली, पुलाच्या मधोमध गंजलेल्या गाड्या. तुम्ही एक माणूस, पाठीवर पिशवी. चालत राहायचं, सापडेल ते गोळा करायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. मला बंदूक चालवायला कधी जमलं नाही. बटणं चुकायची. पण बोलणं जमलं. समोर कुणी आलं की खाली चार वाक्यं यायची आणि त्यातलं एक आपण उचलायचं. इंग्रजी अडलं की मी मुलीला हाक मारायचो.

पहिल्यांदा मी तहानेनं मेलो. भेटेल त्याला माझं पाणी देत सुटलो होतो.

"पप्पा, हे अन्नछत्र नाही," मुलगी आतून ओरडली.

"अगं, ती बाई पोराला घेऊन बसली होती."

"ती चोरांची माणूस होती. पोर नव्हतंच ते, गाठोडं होतं. नीट बघा ना."

पुन्हा सुरू केलं. हळूहळू मला त्याचं वेड लागलं. या वयाच्या माणसानं हे कबूल करावं की नाही, ठाऊक नाही. दुपारी बायको शाळेत, मुलगी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर आणि मी पोटाला उशी धरून उजाड गावांतून चाललेलो.

का आवडलं, याचा मी नंतर विचार केला. एक म्हणजे समोरचा माणूस थांबतो. तो काहीतरी विचारतो आणि मग नुसता उभा राहतो, डोळे मिटत-उघडत. तुम्ही उठून पाणी पिऊन या, औषधाची गोळी घ्या, तो तिथंच. उत्तर देण्यापूर्वी हवा तेवढा वेळ. माझ्या आयुष्यात मला असा वेळ कुणी कधी दिला नव्हता. कारखान्यात लाइन बंद पडली की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात आणि उत्तर तेव्हाच लागतं. घरात तर उत्तरं आधीच ठरलेली. लग्नात काय बोलायचं, मयताला काय बोलायचं, पाहुण्याला कितव्यांदा 'बसा हो' म्हणायचं.

दुसरं कारण मला उशिरा उमगलं. जग संपलेलं असतं म्हणूनच तिथं निवड उरते. चार लोक काय म्हणतील, हे म्हणायला चार लोकच उरलेले नसतात. काका नसतात. ओटीवरच्या बायका नसतात. जे बोलाल ते तुम्ही बोललात. त्यात मोकळं वाटायचं आणि भीतीही वाटायची. एखादा म्हातारा मरायला टेकलेला असायचा, त्याच्यापुढं माझी चार वाक्यं लटकलेली असायची आणि माझं बोट हलायचं नाही.

मग ती पंपहाऊसची बाई आली.

खेळात एका नदीकाठी पंपहाऊस होतं, त्याच्याभोवती वस्ती. पाणी गाळणारी यंत्रं बिघडत चाललेली. बाईचा भाऊ सुटे भाग शोधायला बाहेर पडला होता, परतला नव्हता. तो मला आधीच एका बोगद्यात मेलेला सापडला होता, पिशवी छातीशी धरून. मी फाटकापाशी आलो तेव्हा बाईनं विचारलं, माझा भाऊ दिसला का? खाली चार वाक्यं आली. तो मेला. मला माहीत नाही. तो जिवंत आहे, तुझं नाव घेत होता. आणि चौथं, काहीच न बोलता पिशवी तिच्या हातात देणं.

मी विचार केला नाही. तिसरं उचललं. बाई रडली, हसली, तिनं फाटक उघडलं आणि कोपऱ्यात माझ्या खात्यावर चांगुलपणा जमा झाल्याची खूण चमकली. मला फार बरं वाटलं. बायको आल्यावर तिला मी हे सांगितलंसुद्धा.

बऱ्याच दिवसांच्या खेळानंतर माझी वाट पुन्हा तिथून गेली. वस्ती रिकामी होती. अंथरुणं तशीच, चुलीत राख. बाई तेवढी टाकीवर बसली होती. भावाला वाट दिसावी म्हणून ती रोज तिन्हीसांजेला टाकीवरचा मोठा दिवा लावत होती आणि त्यात पंपाचं डिझेल संपलं होतं. पाणी बंद पडलं. माणसं काही गेली, काही तिथंच मेली. ती मला म्हणाली, तो येईल. त्यानं माझं नाव घेतलं होतं ना. तूच सांगितलंस.

मी लॅपटॉप मिटला. बायकोला वाटलं टाके दुखताहेत. तिनं गोळी दिली, मी घेतली.

खेळात मागे जाता येतं. आधी जिथं खेळ सेव्ह करून ठेवला असेल तिथपासून पुन्हा खेळायचं. मी फाटकापाशी परत गेलो आणि पहिलं वाक्य उचललं. तो मेला. बाईनं दगड मारला. फाटक उघडलंच नाही. मला दलदलीतून लांबचा फेरा पडला आणि त्यात वाटेत सोबतीला लागलेला माझा म्हातारा कुत्रा गेला. खरं बोलून काही चांगलं झालं, असं म्हणता येत नव्हतं. फक्त पुढे कधीतरी वळून बघितलं तेव्हा वस्तीत धूर निघत होता आणि बाई नदीकाठी कुदळीनं खणत होती. माझ्याशी ती बोलली नाही. मी पुन्हा मागे गेलो. 'माहीत नाही' म्हणून बघितलं. पिशवी देऊन बघितली. परत पहिलं. त्या फाटकाच्या पुढे मी जाईना.

"पप्पा, किती वेळा तेच?" मुलगी चहाचा कप घेऊन मागे उभी होती. "पुढं जा ना आता."

"कुठलं उत्तर बरोबर, तेच कळत नाही."

"बरोबर असं नसतंच त्यात. पण तुम्ही पहिल्यांदा तिसरंच घेतलं असणार. नाव घेत होता वालं."

"तुला कसं कळलं?"

तिनं कप टीपॉयवर ठेवला. "आबांच्या वेळेला मी दारात उभी होते."

ती तेव्हा चौथीत होती. गर्दीत तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"त्याच्या आधी मी आबांचा हात धरून बसले होते," ती म्हणाली. "आई ओटीवर गेली तेव्हा. गार होता एकदम. मग तुम्ही आलात आणि आत्याशी बोललात. आबा हं म्हणाले म्हणालात. मी परत बघितलं. मला वाटलं, म्हणाले असतील, मलाच ऐकू आलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. मोठी झाल्यावर कळलं. तेव्हापासून तुम्ही फोनवर 'सगळं बरंय' म्हणालात की मी तुम्हाला व्हिडिओ कॉल करते. तुम्हाला वाटतं मला तुमचं तोंड बघायचं असतं."

मला खरंच तसं वाटत होतं. मी सोसायटीत सांगायचो, पोरीला रोज बापाचं तोंड बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

"आत्याला सांगू का आता?" मी विचारलं.

"मला नका विचारू पप्पा. खेळात अडलात तर सांगीन. याच्यात नाही सांगणार."

"तिनं तेवढ्यावर दिवस काढलेत गं."

"माहितीय. आणि आता दादाला फोनपण तेवढ्यावरच करत नाहीये." दादा म्हणजे आत्याचा मुलगा. तो हिच्याशी मात्र अधूनमधून बोलतो. "तो म्हणतो, आईनं एक फोन केला असता तर मी आलो असतो. आता त्याचंही मन उडत चाललंय. तुमचा चहा गार होतोय."

ती आत गेली. मी स्क्रीनकडे बघितलं. फाटकापाशी बाई डोळे मिटत-उघडत उभी होती, माझ्या उत्तरासाठी.

*

टाके सुकल्यावर मी लोणावळ्याला गेलो. मधला वार, दुपारची लोकल, डब्यात तुरळक माणसं. कामशेतच्या पुढे दोन्ही बाजूंचे डोंगर काळे पडले होते. या दिवसांत वाळल्या गवताला आग लावतात किंवा लागते आणि वणवा उतारावरून पार खाली येतो. जळक्या रानात एकदोन हिरवी झाडं तशीच राहिलेली. मी वाक्यं जुळवत होतो. 'तुला एक सांगायचं होतं.' 'रागावू नकोस.' 'तेव्हा परिस्थितीच तशी होती.' एकेक काढून टाकत गेलो. मळवली येईपर्यंत एकही उरलं नाही.

सांगितलं तर तिच्यापाशी आबांची जी एकच गोष्ट आहे, ती मी काढून घेणार. नाही सांगितलं तर ती वाट बघत बसणार, आणि पोरगा कायमचा तुटणार. मेहुणे गॅरेजवर होते. तिनं दार उघडलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "एवढं वजन कशाला उचललंस? डॉक्टरनं नाही सांगितलंय ना? बस. जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं बोलू नकोस. तोंड बघ आरशात."

ती चहा ठेवायला वळली तेव्हा मी तिच्या पाठीला सांगितलं. समोर बघून सांगायचा धीर झाला नाही, हेही खरं.

"आबा तुझ्या फोनच्या आधीच गेले होते."

तिनं गॅस लावला. चहाच्या पातेल्यात पाणी ओतलं. मग गॅस बंद केला.

"आधी म्हणजे?"

"सकाळीच. डॉक्टरही येऊन गेले होते."

ती वळली. "आणि हं म्हणाले ते?"

"नाही म्हणाले."

"मान?"

"नाही."

"म्हणजे मी कुणाशी बोलत होते?" तिचा आवाज चढला नव्हता. "रस्त्यावरून बघून जाईन म्हणाले मी. ते कुणी ऐकलं?"

"मी."

ती पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"भात घेऊन आले होते रे मी," ती म्हणाली. "ह्यांना म्हटलं, सावकाश चालवा, सांडेल. फाटकात बांबू बघितले तरी मला वाटलं, बरं झालं, ऐकून तरी गेले." मग माझ्याकडे बघितलं. "काकांना माहीत होतं?"

"होतं."

"आईला?"

"आईलाही."

"आई माझ्या हातून आंघोळ करून घ्यायची, तेव्हा? आणि तू? आईचं सगळं करून घेतलंस माझ्याकडून. मी चादरी धूत होते आणि तू चहा देत होतास. तेव्हा नाही आठवलं तुला?"

"रोज आठवायचं."

"मग?"

"सोयीचं होतं," मी म्हणालो. ते वाक्य मी गाडीत जुळवलेलं नव्हतं.

तिनं हसल्यासारखं केलं. "म्हणजे कुणी थांबत-बिंबत नाही तर," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "माणूस बोलत नाही, बोलत नाही आणि मरून जातो. एवढंच." मग पलंगावरचा फोन उचलला, चष्मा शोधला आणि नंबर लावला. कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. फोन तिनं स्वतःच्या कानाला घट्ट धरला होता, तरी खोलीत रिंग ऐकू येत होती. ती वाजत राहिली. संपली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा वाजून संपली. फोन तिनं आमच्या दोघांच्या मध्ये, गादीवर उताणा ठेवला. पोरगा कामावर असेल, मी म्हणणार होतो. नाही म्हणालो. मला माहीत नव्हतं.

"तू जा आता," ती म्हणाली.

मी उठलो. दारापाशी चपला घातल्या आणि तसाच थांबलो. इथं जे म्हणालो तेवढंच माझ्यापाशी होतं.

"चुकलो मी. आबांनी तुला माफ केलं होतं की नाही, मला माहीत नाही. ते त्यांचं त्यांनी सांगायचं होतं, मी त्यांच्या तोंडचं बोललो. तू त्यांना विचारलेलं मी ऐकलं, आणि तुझ्या भरवशावर आईचं म्हातारपण काढलं. मी तुझी माफी मागतो. लगेच काही म्हणू नकोस. तुला कधी काही म्हणावंसं वाटलं तर तू म्हण, नाही वाटलं तर नको. या वेळी तुझ्या वतीनं मी हं म्हणणार नाही."